वेलांटी शेवटी

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या प्रकरणाचा सहावा खर्डा मिळाला. सोबत तुझा प्रश्न, ‘फुलाला’ की ‘फूलाला’? फुलाला. मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. ‘दूत’सारखा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तसाच राहतो, दूताला. पण हा प्रश्न आज विचारायचाच नव्हता. बावीस प्रकरणांपैकी एकवीस तू लिहून झाल्यावर उघडलेलीसुद्धा नाहीत. वेलांटी शेवटी, पोरी, वेलांटी शेवटी!

कारण ऐक. घासूनपुसून लख्ख केलेला परिच्छेद कापवत नाही. तो पुस्तकाला नको असतो, पण त्यावर इतका जीव लागलेला असतो की मग सगळं पुस्तक त्याच्याभोवती वाकवलं जातं. अशी वाकलेली पुस्तकं माझ्याही हातून गेली आहेत, म्हणून हा हट्ट. तो मी सोडणार नाही.

आधी तक्ता कर. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आणि पाच रकाने: कोण, कुठे, कधी, काय बदललं, किती शब्द. ‘काय बदललं’ हा रकाना रिकामा राहिला, तर ते प्रकरण शेजारच्यात मिसळ किंवा काढून टाक. ‘कधी’च्या रकान्यात तिथी आणि ऋतूही लिही. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी अमावास्येचा काळोख, आषाढी एकादशीनंतर मुहूर्त काढून लावलेलं लग्न, सात वर्षांत बारा वर्षांनी वाढलेला मुलगा, या चुका वाक्यं तपासून सापडत नाहीत, तक्त्यात सापडतात. या फेरीत एकही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचा नाही.

दुसरी फेरी वाक्यांची. कागदावर छाप, ओळींत दुप्पट अंतर, एकाच बाजूला, समास रुंद. एका बैठकीला दहा पानं, मोठ्यानं. जीभ अडखळली की तिथे खूण कर, दुरुस्ती नंतर. ‘करण्यात आले’ दिसलं की कोणी केलं ते लिही. ‘तो एक शिक्षक होता’मधला ‘एक’ काढ. जोर देणारे ‘च’ आणि ‘ही’ एकेक करून तपास. निम्मे तरी गळतील.

मग तिसरी फेरी, आणि आता हवी तेवढी वेलांटी! शुद्धलेखनाचे शासनमान्य नियम अठराच आहेत, १९६२चे १४ आणि १९७२चे ४. ते जवळ ठेव. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’ हे एकदा ठरव आणि शेवटपर्यंत पाळ. पात्रांची नावं, नात्यांची संबोधनं, आकडे अंकी की अक्षरी, हे सगळं एका कागदावर उतरव आणि तोच कागद मुद्रितशोधकाला दे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल, तर ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपास. आचाऱ्यांना बोलावलं की आचार्यांना, यात जेवणावळीचा प्रश्न आहे. पात्राचं नाव बदलताना ‘सगळीकडे बदला’ ही कळ दाबू नकोस. ‘राम’चा ‘हरी’ केलास, तर ‘आराम’चा ‘आहरी’ होतो.

प्रुफं हाती आल्यावर नवं वाक्य सुचेल. लिहायचं नाही. एक ओळ वाढली की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, सोळा पानांचा; १६० पानांत बसलेलं पुस्तक १६२वर गेलं, तर त्या दोन पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो, नाहीतर घाईघाईनं दोन पानं कापावी लागतात. अशा घाईत भलतंच कापलं जातं. जे वाढवायचं ते तक्त्याच्या वेळी वाढव.

पहिलं प्रकरण पुन्हा पाठवू नकोस. बावीस ओळींचा तक्ता पाठव, अक्षर कसंही असू दे.