अलर्टचा मेल ऑफिसात येतो, मग बाहेर का जात नाही?

प्रश्न : नमस्कार सर, मी अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिस्टीम बघतो. रात्रीचा बॅकअप फेल झाला की आपोआप मेल जावा म्हणून ऑफिसच्याच मेल सर्व्हरवरून स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) लावलीय. माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल येतो, पण एएमसीवाल्याचा (देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेल्याचा) बाहेरचा पत्ता टाकला की '५५० ५.७.१ अनेबल टू रिले' येतं. सर्व्हरचं सेटिंग चुकलंय का?

उत्तर : नाही हो, सर्व्हर अगदी बरोबर वागतोय. तुमच्या डोमेनसाठी, म्हणजे कंपनीच्याच पत्त्यांसाठी, आलेला मेल घेणं हे त्याचं कामच आहे, पण तोच मेल बाहेरच्या पत्त्यावर पुढे पाठवायचा म्हणजे रिले, आणि तो ओळख पटल्याशिवाय करायचा नसतो, नाहीतर कोणीही तुमच्या सर्व्हरमधून स्पॅम सोडेल आणि कंपनीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ब्लॅकलिस्टमध्ये जाऊन बसेल, मग साधं कोटेशनसुद्धा गिऱ्हाइकाला पोचणार नाही. म्हणून मेल अ‍ॅडमिनला 'रिले सगळ्यांना ओपन करा' असं अजिबात सांगू नका. स्क्रिप्ट चालते त्या एकाच मशीनच्या आयपीला परवानगी मागा. ते जमत नसेल तर अलर्टसाठी वेगळं अकाउंट काढून घ्या आणि सर्व्हरच्या ५८७ पोर्टवर (लॉगिन करून मेल पाठवायच्या दारावर) टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, लावून लॉगिन करा. स्वतःचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नको प्लीज, तो बदलला की अलर्ट गुपचूप बंद पडतात.

परवानगी मिळाली की त्याच मशीनवर बसून तपासा, लॅपटॉपवरून नको, त्याचा आयपी वेगळा. टेलनेटने (सर्व्हरला हाताने कमांड द्यायचं साधन) सर्व्हरच्या २५ पोर्टला जोडा, २२० म्हणजे 'सर्व्हर तयार' असं उत्तर आलं की 'एहलो' ही कमांड, मग 'मेल फ्रॉम', मग 'आरसीपीटी टू' देऊन एएमसीवाल्याचा पत्ता. तिथं २५०, म्हणजे 'मान्य', आलं तर रस्ता मोकळा. परत तेच ५५० आलं तर परवानगी लागू झालेली नाही, स्क्रिप्टमध्ये डोकं घालून काही उपयोग नाही. आणि २२०च येत नसेल तर फायरवॉल किंवा त्या मशीनचा अँटीव्हायरस बघा, काही अँटीव्हायरस २५ पोर्ट अडवतात.

तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. फक्त फेल झाल्यावर मेल जात असेल तर मशीनच बंद पडलं त्या रात्री मेल येणारच नाही, आणि जुलैत पावसाने लोकल बंद, ऑफिसात चिटपाखरू नाही, अशा वेळी सगळे समजतात की मेल नाही म्हणजे बॅकअप झाला. तेव्हा बॅकअप नीट झाला तरी रोज सकाळी एक मेल येऊ द्या, आला नाही की फोन उचलायचा. आणि मेल सर्व्हर स्वतःच पडला तर त्याची खबर मेलने कशी येणार, त्या एका अलर्टसाठी एसएमएसची सोय वेगळी करून घ्या.