नाटकाच्या बॅकस्टेजला किंवा साउंडला काम करून पोट भरतं का? पगार कसा असतो?

भरतं, पण फक्त नाटकावर अवलंबून राहिलात तर ओढाताण होते. मुळात इथे महिन्याचा पगार नसतो, 'नाईट' असते. प्रयोग झाला की पैसे, रद्द झाला की बहुतेकदा काहीच नाही. 2020-21 मध्ये नाट्यगृहं बंद होती तेव्हा पडद्यामागच्या लोकांचे सगळ्यात जास्त हाल झाले ते यामुळेच. नाईटचा आकडाही सरसकट सांगता येत नाही. तो निर्माता, दौरा आणि तुमचा अनुभव यांवर ठरतो. सेट लावणाऱ्यापेक्षा लाइट किंवा म्युझिक ऑपरेट करणाऱ्याला साधारण जास्त मिळते. दौऱ्यावर भत्ता वेगळा. तो आधीच बोलून घ्या, नंतर मागताना तोंड वाईट होतं.

खरा पैसा इव्हेंटमध्ये आहे: कॉर्पोरेट कार्यक्रम, लग्नाचे संगीत, कॉन्सर्ट. पण ते काम सीझनचं. गणपती ते लग्नसराई हाताला उसंत नसते, भर पावसाळ्यात फोन वाजत नाही.

डिजिटल मिक्सर सफाईने हाताळणारा आणि वायरलेस माइकच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना न भिडवता लावणारा माणूस सहसा रिकामा बसत नाही. नुसता फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकपट्टी) वर-खाली करणारे ढिगाने आहेत. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, साउंडचा कोर्स आहे, पण त्याचा कल सिनेमाकडे. लाइव्ह साउंड शिकायचं तर भाड्याने सिस्टिम देणाऱ्याकडे उमेदवारी करा. सुरुवातीला केबल गुंडाळाव्या लागतील. त्याही नीट, ओव्हर-अंडर पद्धतीने, म्हणजे एक वेढा सरळ, पुढचा उलटा.