केबिन क्रूच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली आहे, पण आगीची फार भीती वाटते. मला जमेल का? आग विझवायला नक्की काय शिकवतात?

जमेल. मी ११ वर्षं केबिन क्रू म्हणून काम केलं. पहिल्या फायर ड्रिलला माझे हात इतके थरथरत होते की एक्स्टिंग्विशरची पिन निघेना. लहानपणी स्टोव्हचा भडका पाहिला होता, तो डोळ्यांसमोरून हलत नव्हता. भीती पुढेही राहिली, पण काय करायचं हे हातांना पाठ झाल्यावर ती आड आली नाही.

सगळ्यात आधी कामाची वाटणी शिकवतात. ज्याला आग दिसते तोच विझवायला लागतो, मग तो कितीही ज्युनियर असो. दुसरा इंटरफोनवर कॅप्टनला कळवतो: आग कुठे आहे, कशाची आहे, धुराचा रंग आणि वास कसा आहे. तिसरा जादा एक्स्टिंग्विशर आणि स्मोक हूड (धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावरून घालायचं आवरण) आणतो, जवळच्या प्रवाशांना हलवतो. नव्या मुली हमखास चुकतात ते इथे: आग दिसली की सीनियरला सांगायला धावतात. तसं करू नका. हाक मारा, कॉल बटण दाबा, हवं तर प्रवाशाला पाठवा, पण आगीपाशी तुम्ही थांबा.

टॉयलेटमधून धूर येत असेल तर दार एकदम उघडायचं नाही. हाताच्या मागच्या बाजूने दार चाचपून बघायचं. गरम लागलं तर हूड घालायचा, खाली वाकायचं, नळी आत जाईल एवढीच फट करायची, हॅलॉन (एक्स्टिंग्विशरमधला आग विझवणारा वायू) मारायचा आणि दार लगेच बंद करायचं. ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी काम संपत नाही. मूळ कुठे आहे ते सापडलंच पाहिजे. २ जून १९८३ रोजी डलासहून टोरोंटोला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात मागच्या टॉयलेटमधून धूर येऊ लागला. क्रूने आत एक्स्टिंग्विशर मारला, प्रवाशांना पुढे आणून बसवलं, ओले टॉवेल वाटले. पण आग भिंतीआड होती, ती कुणाला दिसली नाही. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली, आत हवा शिरली आणि दीड मिनिटाच्या आत केबिन पेटली. ४६ पैकी २३ जण गेले. टॉयलेटमधले स्मोक डिटेक्टर, जमिनीलगतचे दिवे, उशिरा पेट घेणारी सीट, हे सगळं त्यानंतर सक्तीचं झालं. ही घटना वाचल्यापासून मी टॉयलेट तपासणी कधी टाळली नाही.

ओव्हनचं सोपं आहे. कढईतलं तेल पेटलं की आपण झाकण टाकतो, तसंच. वीज बंद करायची, दार बंद ठेवायचं.

आजकाल खरी काळजी मोबाइल आणि पॉवर बँकची. हॅलॉनने ज्वाळा विझतात, पण लिथियम बॅटरीतली उष्णता जात नाही, शेजारचा सेल पुन्हा पेट घेतो. म्हणून लगेच पाणी ओतायचं, भरपूर. पाणी संपलं तर ज्यूस चालतो, मद्य नाही. बर्फ ठेवायचा नाही, ब्लँकेट टाकायचं नाही. दोन्हींनी उष्णता आत कोंडते. आणि प्रवाशाचा फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढेमागे करू देऊ नका. बॅटरी चिरडली की तिथेच पेटते.

धूर झाला की प्रवासी ऑक्सिजन मास्क मागतात, रडतात, ओरडतात. ते बघवत नाही. तरी धुरावर मास्क हा उपाय नाही: त्यात केबिनमधलीच हवा मिसळते, म्हणजे धूरही येतो, आणि ऑक्सिजनने आग वाढते. नाकातोंडावर ओला कपडा, डोकं खाली. हे त्यांना मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

स्मोक हूडचा सराव मात्र मागून घ्या. तो साधारण १५ मिनिटं चालतो. गळ्याभोवतीच्या रबरात केस अडकले तर तिथून धूर आत येतो, त्यामुळे अंबाडा घातलेला असतानाच तो चढवून बघा, आणि तो घालून मैत्रिणीशी बोलूनही बघा. आवाज किती दबतो ते तेव्हाच कळतं.