मतदानाच्या दिवसाचा अनुभव फोटोंतून कसा जपावा? केंद्रात फोटो काढता येतात का?

केंद्रात नाही. तुम्ही पहिल्यांदाच मत देणार आहात आणि तो सगळा दिवस फोटोंत ठेवायचाय असं विचारलंय, म्हणून हे आधी सांगतो. मत गुप्त ठेवणं हा कायदा आहे. यंत्राचा किंवा चिठ्ठीचा फोटो टाकून गुन्हा ओढवून घेऊ नका. निवडणूक आयोगाचं पत्र असलेल्या पत्रकारालाही मत नोंदवतानाचा फोटो काढता येत नाही. २०२५ मध्ये आयोगानं केंद्राच्या दाराशी फोन ठेवायची सोय करायला सांगितलंय, पण तिथपर्यंत फोन न्यायचा तो बंद करूनच.

पण बाहेर टिपण्यासारखं खूप असतं. माझा दिवस २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. मी नोकरीला पुण्यात, नाव अजून सातारा जिल्ह्यात गावच्या यादीत. आदल्या रात्री स्वारगेटला गेलो तर बऱ्याच एसट्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या. पहिला फोटो तिथला, खिडकीतून जागा धरायला आत टाकलेले रुमाल आणि टोप्या.

आजी ८६ वर्षांची. ८५ च्या पुढच्यांना घरूनच मत देता येतं, त्याचा फॉर्म घेऊन मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई आल्या होत्या. आजीनं नको म्हटलं. "मत द्यायला शाळंत जायचं असतंय. घरात बसून द्यायला मी काय आजारी हाय व्हय?" सकाळी साडेसातला ती इरकल नेसून ओट्यावर तयार बसलेली, तो दुसरा फोटो. तिसरा तिच्या ओळखपत्राचा, नंबरावर बोट ठेवून काढलेला. शेषनसाहेब मुख्य निवडणूक आयुक्त असताना ओळखपत्रं आली तेव्हाचं कार्ड आहे ते. त्यातला डोक्यावर पदर घेतलेला चेहरा अगदी आत्ताच्या माझ्या आत्यासारखा दिसतो, हे मला फोटो मोठा करून बघताना कळलं.

शाळेच्या अलीकडे रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ, शंभर मीटरची. रेघेशी आजीचे पाय आणि माझे बूट, हा चौथा. तिथेच फोन चुलतभावाकडे दिला.

पुढच्या अर्ध्या तासाचा फोटो नाही. त्या रात्रीच वहीच्या पानावर आठवेल ते लिहिलं आणि अल्बममध्ये फोटोच्या जागी ते पान चिकटवलं. तुम्हीही हे कराच, झोपायच्या आधी. पहिल्या अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं पुकारलं तसं उमेदवारांच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीत रेघ मारली. शाई लावणाऱ्या गुरुजींनी आजीचं बोट चिमटीत धरून काडी हळूच फिरवली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, ती लवकर बाहेर येईना. गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, व्हीव्हीपॅटच्या, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "चिठ्ठी पडूस्तवर हलले नाय."

आता बोटाचा फोटो. तो सगळेच काढतात, घाईनं काढतात आणि तिथेच सोडून देतात. माझ्या वडिलांचा तालुक्याला फोटो स्टुडिओ होता. डार्करूममधला वापरलेला हायपो, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, ते फेकत नसत, त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते म्हणून तो घ्यायला माणूस यायचा. मतदानाच्या शाईतही चांदीच आहे, सिल्व्हर नायट्रेट. १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून ती देशभर जाते. उजेड लागला की ती काळी पडते. जुन्या फिल्मवर चित्र उमटायचं तेही चांदीच्या क्षारांवर उजेड पडूनच. म्हणजे तुम्ही केंद्राबाहेर उन्हात आलात की बोटावर तो दिवस आपोआप उमटायला लागतो. मला हे वडील असताना कधी सुचलं नाही, याची फार हळहळ वाटते. त्यांना किती आवडलं असतं!

म्हणून फोटो बाहेर आल्या आल्या एक घ्या, आणि तासाभरानं दुसरा. उन्हात थेट नको, झाडाच्या सावलीत, बोट भिंतीला टेकवून. आजीचा पहिला फोटो जांभळट आहे, दुसरा काळा. तिच्या बोटाला विळीनं भाजी चिरून चिरून भेगा पडल्यात. शाई त्या भेगांत उतरली आणि एरवी न दिसणारी एकेक बारीक रेघ काळी होऊन वर आली. माझ्याकडचा हा सगळ्यात मोलाचा फोटो.

तिथे थांबू नका. चुलतबहिणीला सांगून मी दर रविवारी आजीच्या त्याच बोटाचा फोटो मागवत गेलो. कातडीवरची शाई दोनतीन आठवड्यांत गेली. नखावरची मात्र नखाबरोबर वर सरकते, आणि म्हातारपणी नख सावकाश वाढतं. माझं बोट कधीच कोरं झालं, तिचं नाही. २४ नोव्हेंबरपासून ३० मार्चच्या गुढीपाडव्यापर्यंत १९ रविवार, १९ फोटो. सगळ्यांचे प्रिंट काढलेत, ओळीनं लावलेत. पाडव्याच्या फोटोत नखाच्या टोकाला तांदळाएवढा काळा ठिपका आहे आणि मागे दारातली गुढी धूसर दिसते. पुढच्या रविवारी बहिणीचा फोन आला, आजीनं नखं काढली.