कोल्हापुरात एमबीबीएस करून पुढे रक्त गोठण्याचे विकार आणि कर्करोग या दोन्हींवर संशोधन करता येईल का?

येईल, कारण हे विषय एकमेकांत गुंतलेलेच आहेत: फ्रेंच डॉक्टर अर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये कर्करोग आणि शिरांतील गुठळ्या यांचा संबंध मांडला, आणि पुढे स्वतःच्या शिरेत तशी गुठळी दिसताच आपला रोग ओळखला; १८६७ मध्ये ते जठराच्या कर्करोगाने वारले. कर्करोगाच्या अनेक पेशींवर ‘टिश्यू फॅक्टर’ हे रक्त गोठवणारे प्रथिन जास्त असते. आमच्या प्रयोगशाळेत नवख्यांचा पहिला धडा मात्र गोठण्याच्या चाचणीसाठी रक्त घेण्याच्या निळ्या टोपणाच्या नळीचा असतो: एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रावण), नऊ भाग रक्त, नेमके खुणेपर्यंत, कमी भरले की निकाल फसवा येतो. अडचण एवढीच की एमडीनंतरच्या तीन वर्षांच्या डीएम हिमॅटॉलॉजीसाठी (रक्तविकारांतील अतिविशेष पदवीसाठी) मुंबई किंवा वेल्लोर गाठण्याची तयारी ठेवावी लागेल.