समोरासमोर बसवून हात मिळवून देणे हा उपाय नव्हे

आपल्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा: मुलगा सहावीत आहे, बोलताना अडखळतो. मुलुंडहून शाळेत जाताना बसमधली चार-पाच मुले त्याच्या नावाचे पहिले अक्षर पाच-सहा वेळा उच्चारून त्याला हाक मारतात. आपण तक्रार केल्यावर वर्गशिक्षिकांनी त्याला आणि त्या मुलांच्या म्होरक्याला समोरासमोर बसवले, 'टाळी एका हाताने वाजत नाही' असे समजावले आणि हात मिळवायला लावले. त्यानंतर त्रास वाढला आहे. आता शाळा बदलावी की त्याला कराटेच्या वर्गाला घालावे, असे आपण विचारता.

मी परळच्या एका शाळेत सव्वीस वर्षे शिकवले. टाळीचे ते वाक्य मीही वापरले आहे, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो. भांडणात दोघांचे बळ साधारण सारखे असते, दोघेही रागावलेले असतात आणि दोन दिवसांनी दोघेही विसरतात. दादागिरीचे तसे नसते. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणारे नॉर्वेचे डॅन ऑल्वेयस यांनी तिची तीन लक्षणे सांगितली: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि ज्याला दिला जातो त्याला स्वतःचा बचाव करणे अवघड असते. आपल्या मुलाच्या बाबतीत तिन्ही लक्षणे आहेत. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवले, की ज्याचे बोलणे मुळातच अडखळते त्या मुलाने ज्याला तो घाबरतो त्याच्याच देखत तक्रार सांगायची, अशी आपली अपेक्षा असते. तो गप्प बसतो, शिक्षक मिटले असे समजतात आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये 'चुगलखोर' हे आणखी एक नाव त्याला चिकटते.

माझ्या वर्गात कोळीवाड्यातून येणारा एक मुलगा होता. त्याच्या डब्यात सुकट असली की चार मुले नाकाला रुमाल लावत आणि बाकीचे हसत. तो डबा कधी पुरता उघडत नसे. झाकण अर्धे सरकवून, आत बोटे घालून, चोरून खाल्ल्यासारखा घास तोंडात टाकत असे. हे मी कित्येक आठवडे पाहिले आणि मुलगा लाजाळू आहे अशी समजूत करून घेतली. लक्षात आल्यावर मीही हात मिळवून दिले, आणि त्यानंतर तो डबाच आणेनासा झाला. मग मी हसणाऱ्या मुलांना एकेकट्याने बोलावले. ओरडलो नाही, मधल्या सुट्टीत तू काय करतोस, एवढेच विचारले. त्यांतला एक अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मी काहीच करत नाही, फक्त हसतो." नाकाला रुमाल लावणाऱ्यांचा सगळा खेळ त्या हसण्यावर चालला होता. पुढच्या पंधरवड्यात त्यांतले दोघे त्या मुलाच्या बाकावर डबा खायला बसू लागले, आणि प्रेक्षकच उरले नाहीत तेव्हा रुमालही खिशात गेले. सुकट मात्र त्याने दहावीपर्यंत पुन्हा आणली नाही.

फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांचे संशोधन मी पुष्कळ नंतर वाचले. त्रास देणाऱ्यामागे साथीदार असतात, हसून चेव आणणारे असतात, बाजूला राहणारे असतात आणि थोडे पाठराखण करणारेही असतात, अशी मांडणी त्यांनी १९९६ मध्ये केली. तिथल्या शाळांमधला दादागिरी रोखण्यासाठीचा 'किवा' हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे. म्हणून आपल्या शाळेकडे मागायचे ते हे, की बसमधल्या प्रत्येक मुलाशी वेगवेगळे बोलावे, तेही एकाच दिवशी, म्हणजे त्यांना आपसांत ठरवून यायला वेळ मिळणार नाही. म्होरक्याला वर्गासमोर उभे करून अपमान करू नये. असा मुलगा पुष्कळदा हुशार, शिक्षकांचा लाडका, कधी कधी मॉनिटरही असतो. चारचौघांत शिक्षा झाली की तो आपला राग व्हॉट्सअॅपच्या गटावर काढतो आणि तिथे कोणाचीच नजर नसते.

'बसमध्ये घडते ते शाळेबाहेरचे' असे उत्तर मिळाले, तर ते मान्य करू नका. महाराष्ट्रातील स्कूल बसविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. त्यांच्या नावे अर्ज करा, त्यात तारीख, बसचा क्रमांक, काय म्हटले गेले आणि त्या वेळी बसमधल्या मदतनीस ताई कुठे होत्या, एवढेच लिहा आणि पोच घ्या. विशेषणे टाळा, 'माझ्या मुलाचा छळ चालला आहे' या वाक्यापेक्षा चार तारखांची नोंद अधिक काम करते. मुलगा जेवेनासा झाला, झोपेनासा झाला किंवा जगण्याबद्दल निराशेचे बोलू लागला, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता बालमानसतज्ज्ञांना भेटा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते.

कराटे त्याला आवडत असेल तर अवश्य शिकू द्या, पण या त्रासावरचा उपाय म्हणून नको. पाच जणांपुढे एकट्याने हात उचलला तर शिक्षा त्यालाच होईल. अडखळण्यासाठी वाचा-उपचार जरूर घ्यावेत. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल. मात्र 'तू नीट बोलायला लागलास की ते चिडवणार नाहीत' असे घरात कोणीही, आजी-आजोबांनीसुद्धा, म्हणू नये. त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत एवढाच पोचतो की चूक त्याची आहे.

शाळा बदलणे मी सर्वस्वी नाकारत नाही. लेखी अर्जानंतर महिनाभरात काहीच हालचाल झाली नाही, तर बदला. पण तो निर्णय त्याला विचारून घ्या. तोवर बसमधल्या जागा बदलून मागा. शाळा बहुधा आपल्या मुलाला ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवू पाहील. त्याला आहे त्या जागीच राहू द्या आणि त्या पाच जणांना वेगवेगळ्या रांगांत, मदतनीस ताईंच्या नजरेसमोर बसवण्याचा आग्रह धरा.