मार्कर : निदर्शक की सूचक?

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : 'आईला लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) आहे. तिच्या तपासण्यांचं टिपण घरातल्या सगळ्यांसाठी मराठीत लिहिते आहे. बायोमार्करला, म्हणजे शरीरात काय चाललं आहे ते सुचवणाऱ्या रक्तातल्या वगैरे खुणेला, जैवचिन्हक, निदर्शक, सूचक असे तीन शब्द मिळाले. कोणता घ्यावा?'

निःशंकपणे 'सूचक' घ्या. 'जैवचिन्हक' कानाला परका लागतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यातून काहीच उमगणार नाही. 'निदर्शक'मध्ये दाखवून देण्याचा ठामपणा आहे (आणि वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला त्यात आधी मोर्चाच दिसतो). रक्तातल्या या खुणांना तेवढा ठामपणा झेपत नाही.

तुमच्या अहवालात बहुधा असेल तो एलडीएच घ्या. हे एन्झाइम शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असतं आणि पेशी फुटल्या की रक्तात उतरतं. लिम्फोमा जोरात वाढत असेल तर ते वाढतं. पण यकृताला सूज आली, स्नायूला मार लागला, इतकंच काय, रक्त काढताना नळीत तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढतं. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाचा पुढचा अंदाज बांधण्यासाठी 1993 साली जो आंतरराष्ट्रीय निर्देशांक आला, त्याच्या पाच निकषांत एलडीएच आहे, म्हणजे त्याचं मोल मोठंच. तरीही निदान होतं ते गाठीचा तुकडा तपासूनच. आपल्याकडे सभेत सूचक ठराव मांडतो, तो संमत व्हायला इतरांचे हात वर व्हावे लागतात. एलडीएचचं काम नेमकं तेवढंच.

लिम्फोमाला मात्र लिम्फोमाच राहू द्या. 'लसिकाग्रंथींचा कर्करोग' म्हटलं तर जठरात किंवा त्वचेत सुरू होणारे लिम्फोमा त्यात बसत नाहीत. लिम्फसाठीचा 'लसिका' शब्द मात्र आपला आणि जुना. त्वचेखालच्या, जखमेतल्या पाण्याला चरकसंहितेत 'लसीका' म्हटलं आहे. जखमेतून वाहते ती लस त्याच गोतातली.

टिपणात 'मॉनिटरिंग' येईल, तिथे 'देखरेख' लिहू नका. देखरेख कामगारांवर असते. 'मागोवा' लिहा. माग म्हणजे पाऊलखुणा, आणि इथे चाललेलं असतं ते अक्षरशः माग काढणंच. गाठीतल्या मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात आणि काही तासांत नाहीसे होतात, म्हणून त्यांवरून आत्ता काय चाललं आहे ते कळतं. उपचारांबरोबर हे तुकडे कमी होत गेले तर ती चांगली खूण, पुन्हा दिसू लागले तर डॉक्टर सावध होतात. एका आकड्यापेक्षा ओळीने घेतलेले आकडे बोलतात, हे 'मागोवा' या शब्दात आपोआप येतं.

तेव्हा वाक्य असं करता येईल : 'आईचा एलडीएच हा सूचक या वेळी वाढलेला आहे. डॉक्टर त्याचा मागोवा घेत आहेत, स्कॅन झाल्यावर सांगतील.' हे वाचून आजी घाबरणार नाहीत आणि त्यांच्यापासून काही लपवलंही जाणार नाही.